तीन आणि पाचच्या मध्ये

"तीनाच्या मागं पाच? शाळंत कोन गेलाच न्हाय काय यांच्यात?"

बंदराच्या गेटवर पासासाठी खिडकीला टेकलेला ट्रकवाला पुटपुटला. आत टेबलावरच्या वॉकीटॉकीवर धक्क्यावर जहाजं बांधणाऱ्या टीमची हजेरी चालली होती. एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर. मग नुसती खरखर. मग पाच.

कल्पिताने पास पुढे सरकवला. हसली नाही.

त्या खरखरीत कोणीतरी श्वास घेतं, असं तिला पावसाळ्यापासून वाटत होतं. पण सांगणार कोणाला? आगरदांड्याहून रोज बोटीने खाडी ओलांडून कामाला येणारी, दोन लेकरांची आई. असलं बोलली असती तर गेटवरून थेट देवऋष्याकडे बदली झाली असती.

तिला बदली हवी होती ती धक्क्यावर. मुलाखत उद्यावर आलेली. तयारी करून घ्यायला दत्तात्रेयदादा जेवणाच्या सुट्टीत आले. टीममधले सगळ्यांत जुने. हजेरी पुकारणारा आवाज त्यांचाच. डबा बाजूला सारून ते साहेबासारखे ताठ बसले.

"हां मॅडम. जहाजाचा दोर जास्त ताणलाय. काय करणार?"

"आधी माणसं मागे घेणार. मग हजेरी."

"एखाद्याने ओ दिली नाही तर?"

"पुन्हा पुकारणार. तरी नाही दिली, तर काम थांबवून शोधणार."

"शाब्बास."

"दादा, जागा रिकामी का झाली, हे विचारतील ना?"

दादांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "सांग, तो प्रकार झाला, त्यानंतर..."

"साहेबांसमोर 'प्रकार' म्हणू? कॅन्टीनमध्ये 'प्रकार', बोटीवर 'प्रकार', सगळे तेच म्हणतात. जसं काय कोणाचं भांडण झालंय! आणि मला घेतलं, तर नंबर कुठला देणार?"

दादांनी टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला.

"तीन झाले की पुढचा पुकारायला बटण दाबतो गं," ते म्हणाले. "तोंडातून आवाजच निघत नाही. मग सोडून देतो."

म्हणजे तो श्वास यांचा होता.

तिने ओढणी सारखी केली.

"विचारा परत. साहेबासारखं."

"जागा... का रिकामी झाली?"

"दोर तुटला. चार नंबरचा प्रणय खाडीत पडला आणि बुडून मेला," कल्पिता म्हणाली. "तो आता ओ देणार नाही, दादा."