घरी फक्त इंग्रजी

मंगळवारी सकाळी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका वृद्धाश्रमात गिरिजाने नेहमीसारखी पुढची फाइल उघडली. गिरिजा स्पीच थेरपिस्ट. फाइल करलिनाबाईंची, वय अठ्ठ्याहत्तर. इथे आल्यापासून चार महिन्यांत बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. स्मृतिभ्रंश, असं लिहून तयार होतं. गिरिजाची सही झाली की त्यांना कुलूपबंद वॉर्डात हलवणार होते.

"सही कर ना यार," सीनियर लतिका म्हणाली. "फॅमिलीनेपण ओके केलंय."

"त्यांच्या भाषेत कुणी विचारलंय का?"

"मोकिलची भाषा गं. पॅसिफिकमधलं एवढंसं बेट. इंटरप्रिटर मिळतच नाही."

गिरिजाने बाईंच्या मुलीला, मार्सेलाला, बोलावून घेतलं. ती कामावरच्या कपड्यांतच आली. आईसमोर बसून, मोकिलच्या भाषेतला एकेक शब्द आठवत तिने विचारलं. महिना कोणता? बाबांचं नाव काय?

करलिनाबाईंनी मान वर केली. सगळी उत्तरं बरोबर आली. मग त्या बोलतच राहिल्या, वीस मिनिटं, सावकाश.

"काय म्हणतायत?"

मार्सेला भिंतीकडे बघत होती. "अर्धं मला कळलंच नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "माझा मुलगा उशिरा बोलायला लागला, तेव्हा थेरपिस्टने सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला. मी आईला म्हटलं, तू गप्प बस, पोरं गोंधळतात. ती गप्प बसली."

गिरिजाला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. 'घरी फक्त इंग्रजी बोला' हेच वाक्य ती स्वतः लहान मुलांच्या क्लिनिकमध्ये नऊ वर्षं आईबापांना गोड आवाजात सांगत आली होती. चांगली शिकलेली माणसं मान डोलवत, घरी जात आणि आजीला गप्प करत.

तिने सही केली नाही. फाइलवर लिहिलं, "बाई पूर्ण भानावर आहेत. त्यांच्याशी बोलणारं इथे कुणी नाही."

"वर काय सांगू मी?" लतिकाने विचारलं.

"हेच."

संध्याकाळी तिने जुन्या पेशंट्सची यादी काढून पहिला नंबर लावला. "प्रीताताई, मी गिरिजा, वीरची स्पीच थेरपिस्ट. सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला घरात मराठी बंद करायला सांगितलं होतं. ते चुकीचं होतं."



"सासूबाई मार्चमध्ये गेल्या," प्रीता म्हणाली. "शेवटी वीरचा हात धरून काहीतरी सांगत होत्या. त्याला कळलंच नाही."

गिरिजाने सगळं ऐकून घेतलं. मग पुढचा नंबर लावला.