थाप न देता उघडलेली खोली

मी एक चष्मा बोलतोय. नाकावर बसतो तो साधा चष्मा नव्हे. पट्ट्याने डोक्याला बांधून तोंडावर चढवतात तो, काळा आणि जाडजूड. दुकानात मला व्हीआर हेडसेट म्हणतात, आणि ज्या घरात मी राहिलो तिथल्या भामाबाई मला ‘ती डबी’ म्हणायच्या. जरा हळू बोलतो, चालवून घ्या. एक तर मी स्वभावानेच भित्रा, त्यात सध्या एका कपाटात बंद आहे, आणि या कपाटाचं दार कधी उघडेल याचा नेम नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून बोटीने बंदरात आलो, मग उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात चार महिने पडून राहिलो. त्या गोदामात परेश सुपरवायझर होता. वय बत्तीस, लग्न व्हायचं होतं, बोलणं कमी. माझ्या खोक्याचा कोपरा चेपला होता म्हणून मी स्वस्तात विकायला निघालो आणि त्याने मला घरी नेलं. पनवेलच्या खांदा कॉलनीपलीकडे गावठाणात त्यांचं दुमजली घर. वर परेश, त्याचा धाकटा भाऊ धनेश आणि त्यांची आई भामाबाई. खाली चार खोल्या, भाडेकरूंना दिलेल्या.

पहिल्या दिवशी परेशने हौसेने आईला बसवलं आणि मला तिच्या डोळ्यांवर चढवून समुद्र दाखवला. भामाबाईंचं लहानपण उरणकडच्या मिठागरात गेलेलं. त्यांनी इकडे मान वळवली, तिकडे वळवली, आणि मला काढून त्याच्या हातात दिलं. “वारा नाय, खारट वास नाय, कसला रं समुद्र? याच्यात माणूस येडा होल.” मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या बाईने मला पहिल्या फटक्यात ओळखलं.

महिन्याभरात परेशचे खेळ, डोंगर, शर्यती संपल्या आणि तो खोली आतून लॉक करून दुसरंच बघायला लागला. लाजून काय करू, सांगूनच टाकतो. नग्नपटच ते, पण एका खास जातीचे. त्यात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात नाहीतर पडद्याआड ठेवलेला असतो आणि खोलीतल्या माणसांना तो ठाऊकच नाही, असा देखावा असतो. बघणारा चोरून बघतोय, अशी सगळी मांडणी.

लोकांना वाटतं, तिथे उघडं अंग दिसतं म्हणून माणूस खिळतो. छे! उघडी अंगं फोनवरही दिसतात. मी कपाळाला चिकटून असतो, म्हणून मला खरं कारण कळतं. परेशचा श्वास अडकायचा तो त्याच्या कितीतरी आधी. बाई खोलीत येते, किल्ली शोधते, वाळलेले कपडे घडी करते, कुणाला तरी उगाच हाक मारते. काहीच घडत नाही. त्या रिकाम्या मिनिटांतच सगळी करामत असते, कारण दाखवण्यासाठी कुणी अशा घड्या घालत बसत नाही. म्हणजे हे खरं असणार, असं मन मानून टाकतं. त्यात मी दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं देतो, त्यामुळे ती बाई खऱ्या उंचीची दिसते, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. मान वळवायची ती बघणाऱ्यानेच, म्हणून आपण काहीतरी शोधून काढलं असंही त्याला वाटतं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. बघणारा खाली पाहतो तेव्हा त्याला स्वतःचे हातपाय दिसत नाहीत. तो तिथे आहे आणि नाहीही. अंगच नाही, तर लाज राहणार कुठे?

या खेळाचा नियम एकच, खोलीतल्या कुणीही बघणाऱ्याकडे बघायचं नाही. एकदा एका नटीची नजर चुकून कॅमेऱ्यावर पडली, तर परेशने दचकून मला उपटूनच काढलं. जणू कुणी त्याची गचांडी धरली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, त्या मांजराचे मिटलेले डोळे म्हणजे मी.

तरी तोवर मला भीती वाटत नव्हती. त्या पटांतली माणसं ठरवून, होकार देऊन आलेली असतात. त्यांचं ‘ठाऊक नसणं’ हेही त्यांचं कामच. पण परेशला हळूहळू तेच खुपू लागलं. एकदा मला काढून तो स्वतःशीच पुटपुटला, “सगला नाटक हाय साला.” त्या दिवसापासून मी भ्यायला लागलो.

खालच्या तिसऱ्या खोलीत समीक्षा राहायची. एकोणतीस वर्षांची, नांदेडकडची, पनवेलच्या एका दवाखान्यात परिचारिका. भामाबाईंना ती मावशी म्हणायची.

पुढे धनेशचं लग्न ठरलं. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे सगळं गावच अंगणात. पाहुणे मावत नाहीत, तेव्हा भाडेकरू आपापल्या खोल्या उघडून देतात. तशी रीतच आहे. समीक्षानेही सकाळी कामावर जाताना किल्ली भामाबाईंच्या हातात ठेवली. दिवसभर तिच्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या, मिठाईची खोकी, फुलांच्या टोपल्या. त्या ये-जामध्ये परेश खुर्च्या घेऊन आत गेला आणि रिकाम्या हाताने बाहेर आला, हे कोण बघणार? भिंतीवरच्या खिळ्याला कॅलेंडर होतं. ते काढून त्याने पलंगावर ठेवलं आणि त्या जागी एक घड्याळ टांगलं. त्या घड्याळात डोळा होता.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वरच्या मजल्यावर त्याच्या कपाटात होतो आणि हळदीत वाजणाऱ्या बेंजोचा आवाज ऐकत होतो.

हळद झाली, लग्न झालं. तिसऱ्या दिवशी नवरा-नवरीला घेऊन सगळे गाडीने एकवीरेच्या दर्शनाला निघाले. परेशने गोदामातून बोलावणं आल्याची थाप मारली आणि मागे राहिला. घड्याळ तर हळदीच्या दिवशीच खिळ्यावरून गायब झालं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या सकाळी मात्र त्याला ते स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या बरणीशेजारी दिसलं. पाहुण्यांच्या गडबडीत कुणीतरी काढून ठेवलं असणार, असा त्याने तर्क केला. घड्याळातलं कार्ड काढून त्याने त्यातलं चित्रण माझ्यात भरलं आणि भरदुपारी मला डोळ्यांवर चढवलं.

इथून पुढचं सांगताना अजून माझी काच थंड पडते.

आधी रिकामी खोली दिसली. तीच पिशव्यांची रास, पलंगावर कॅलेंडर. मग समीक्षा आली. तिने कडी लावली, बूट काढले, पलंगाच्या काठावर बसून दोन्ही तळवे चोळले. फोन लावला. “बाबा, जेवले मी. नाही हो, दमले नाही. आज तर घरात हळद आहे.” हसत बोलली आणि फोन ठेवल्यावर तिचा चेहरा एकदम उतरला. थोडी रडली. मग आपल्याच हाताने आपला खांदा थोपटत पुटपुटली, “झालं, झालं. आता झालं.” पेशंटला थोपटत असेल तसं.

तेवढंच. अंगावरची ओढणी ढळली नाही की काही नाही. तरी मला ओरडावंसं वाटलं, कारण यापेक्षा उघडं मी काहीच दाखवलेलं नव्हतं. परेशचा श्वास त्या पटांच्या वेळी अडकायचा तसा अडकला नाही, भलताच जोरात चालू झाला. तो सारखा मान मागे वळवत होता. पण मागे वळून त्याला दिसणार काय? घड्याळाच्या पाठीमागचा नुसता काळोख. जो मला चढवतो त्याला आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते कधीच दिसत नाही.

समीक्षाने ओढणीच्या पिनेला हात घातला आणि दारावर थाप पडली.

“समीक्षा, मी हाय गो. येव का आत?”

भामाबाई. घर त्यांचं, खोली त्यांची, दुसरी किल्ली कमरेला. तरी त्यांनी थाप दिली आणि विचारलं. समीक्षाने डोळे पुसून दार उघडलं. भामाबाईंच्या हातात पिवळी साडी होती. हळदीला घरातल्या प्रत्येक भाडेकरणीला त्या पिवळी साडी देतात, कधी चुकत नाहीत. पोटचा मुलगा असून परेश नेमकं हेच विसरला होता.

साडी ठेवताना त्यांना पलंगावरचं कॅलेंडर दिसलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तो खिळा त्यांच्या नवऱ्याने, विठूने ठोकलेला. त्या घरातला खिळान्‌खिळा त्यांना ठाऊक. “ह्या घड्याल कुनी लावला?” असं म्हणत त्या पुढे आल्या. पुढे, आणखी पुढे. पदराने काच पुसली. त्यांचा चेहरा परेशच्या डोळ्यांपुढे मावेना. आणि मग त्यांची नजर बरोबर भिंगावर येऊन थांबली.

आई त्याच्याकडे बघत होती. सरळ. हलत नव्हती. मग तिचा तळहात आला आणि सगळं काळं झालं. पुढे नुसता आवाज होता, तांदळाच्या डब्यात घड्याळ खोल खुपसल्याचा, आणि दुरून बेंजोचा.

आता सांगतो, मी इतका का घाबरलो होतो. माझ्या बाहेरच्या बाजूलाही डोळे आहेत, माणूस भिंतीवर आपटू नये म्हणून दिलेले. परेशच्या समोर आईचा चेहरा आला, त्याच्या बराच आधीपासून मला दुसरंही दिसत होतं. दारात भामाबाई उभ्या होत्या. खऱ्या. खोली बाहेरून उघडायची किल्ली त्यांच्या हातात होती. थाप त्यांनी इथेही दिली होती, तीनदा. ती मी ऐकली. परेशच्या कानात माझाच आवाज भरलेला होता.

त्याने मला काढलं तेव्हा त्या त्याच्यासमोर पलंगावर बसल्या होत्या.

“बघून झाला?”

परेश ताडकन उठला. “आये, तू... एकवीरेला...”

“त्या दिवशी घरात शंभर माणसा होती. मांडववाला, लायटीवाला, पाव्हने. गेटवर आपलाच क्यामेरा हाय, मना डोला कलतो. कोनाचा हाय ता नव्हता कलला. म्हनून आज फलीवर ठेवला आन सगल्यांना फुडं धाडून मी नाक्यावरशी मागारी आली.” त्यांनी किल्ली पलंगावर ठेवली. “दुसरा कुनी निघंल म्हनून तीन दिस एकवीरा आईला गाऱ्हाना घालत होती रं मी.”

“त्यात काय नाय, आये. शपथ. काय दिसला नाय.”

“काय नाय? तुजा बाप गेला तवा त्याच खोलीत मी दार लावून रडायची. तीन म्हयने. तवा कुनी बघला असता तर मी जगली नसती.”

त्याने पाय धरले. काल-परवा धनेशचं लग्न झालंय, नवी सून घरात आहे, लोक काय म्हणतील, असं कायकाय बोलत राहिला. भामाबाई उठल्या. “लोकांना पन डोले हायेत. बघू दे त्यांना. समीक्षा आली हाय ड्यूटीवरशी. तू सांगतंस का मी सांगू?”

मग समीक्षाला वर बोलावलं. भामाबाईंनीच सांगितलं, मान खाली घालून, दोन वाक्यांत. समीक्षा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “द्या. मला बघायचंय, त्याला काय दिसलं.”

त्याच्या घामाने मी अजून ओला होतो. तसाच तिने मला चढवला. पोरीने आपलीच खोली भिंतीवरून पाहिली. पलंग, बूट, बाबांशी बोलणं. आणि पलंगावरची ती ‘झालं, झालं’ म्हणू लागली तेव्हा खरीचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला आणि तिथेच गोठला. माझ्या दोन्ही काचांवर पाणी उतरलं. इतके दिवस माणसाच्या तोंडावर बसलो, पण स्वतःची किळस मला तेव्हाच पहिल्यांदा आली.

“मावशी, हे घेऊन मी पोलिसांत जाणार,” ती म्हणाली.

“जा. मी येते संगती. साक्ष माजी.”

आणि त्या खरंच आल्या. जबाब लिहून देताना एकदाच थांबल्या, आरोपीशी नातं विचारलं तेव्हा.

आता मी इथे आहे, कागदात गुंडाळलेला, लाखेचं सील लावलेला, पोलीस ठाण्यातल्या एका कपाटात. घड्याळ माझ्या शेजारी आहे. बाहेर पावलं वाजली की मी दचकतो. खटला उभा राहील. पुरावा तपासायला कुणीतरी मला उघडेल, मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. प्रत्येकाला ती दिसेल, तळवे चोळताना, रडताना. माझ्यातलं सगळं पुसून टाका म्हणावं, तर तिचा पुरावाच जातो. राहू द्या म्हणावं, तर ती पोरगी माझ्या आत कोंडलेली राहते. ती खोली सोडून गेली असं ऐकलं. पण माझ्यातून कशी जाणार?

तुम्ही जो कोणी असाल, ज्याला हे सील फोडण्याचा हक्क आहे, त्याला हात जोडून सांगतो. मला हात नाहीत, पण सांगतो. काम आहे तेवढंच बघा. आणि डोळ्यांवर चढवण्याआधी एकदा, निदान मनात तरी, दारावर थाप द्या. भामाबाईंनी आपल्याच घरात दिली होती.

आत माणूस आहे.