काल छापलेले चुकीचे आहे

आमच्या घरात एखादी मुलगी मोठ्याने बोलली, दार आपटून गेली किंवा भरल्या ताटावरून उठली, की मोठ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणायचं, "पळपुटीचं रक्त!"

पळपुटी म्हणजे माझी पणजी. दोन मुली आणि एक वर्षाचा मुलगा टाकून ती एका सकाळी घरातून निघून गेली, कुणाबरोबर गेली ते देव जाणे, आणि पुन्हा तिने तोंड दाखवलं नाही. एवढीच तिची गोष्ट. फोटो नाही, वस्तू नाही. आम्हा पोरींना दटावायला तेवढी ती शिल्लक होती.

सत्ताविसाव्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून परत आले. त्याने माझा हात दारात घालून दार लावून घेतलं होतं. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. हाताला प्लास्टर घेऊन उंबऱ्यात उभी होते, तेव्हा थोरले काका म्हणाले, "पळपुटीचं रक्त ते. कुठेतरी फुटणारच." आजोबा तिथेच खुर्चीत बसले होते. पळपुटीने टाकलेला तो वर्षाचा मुलगा म्हणजे हे आजोबा. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटतेय.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला दुकानात बोलावलं. आमचं शिलाई मशिनच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, पणजोबांनी काढलेलं. आजोबांनी एक जुनं काळं मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "टाका का सुटतोय ते शोध." मी तीन दिवस शोधत होते. सापडलं तेव्हा ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवत हसले. त्या माणसावर मी जीव ओवाळून टाकला असता. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली, त्यातली पंधरा वर्षं तो माणूस नाही.

यंदा दुकानाला शंभर वर्षं झाली. काकांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. पहिल्या पानावर पणजोबांचा मोठा फोटो आणि वर 'सचोटीची शंभर वर्षे'. काका आता चौऱ्याहत्तरचे आहेत, दुकानाबाहेर फारसे पडत नाहीत, म्हणून त्यांनी मला ग्रंथालयात पिटाळलं. "जुन्या पेपरातल्या आपल्या जाहिराती शोध. आणि तुझ्या आजोबांच्या निधनाची बातमी. तेवढं आण, बाकी वेळ घालवू नकोस."

ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची खोली तळघरात होती. तिथल्या बाई नाकाला रुमाल बांधूनच बसायच्या. त्यांनी वर्षभराच्या अंकांचं पहिलं बाड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्याला धरू नका, तुकडा हातात येतो. पान खालून हात घालून उचला." कागदाचा रंग चहा सांडल्यासारखा झाला होता. दुकान उघडल्याची जाहिरात पहिल्याच दिवशी मिळाली. मी खूश होऊन पुढची वर्षं चाळायला घेतली. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर, जाहीर सूचनांच्या स्तंभात, पणजोबांचं नाव दिसलं.

'माझी पत्नी कोणतेही कारण नसता, माझ्या संमतीवाचून, तीन अपत्ये टाकून घर सोडून गेली आहे. तिला कोणी आश्रय देऊ नये. तिच्या कोणत्याही व्यवहारास मी जबाबदार नाही.'

मी ती सूचना दोनदा वाचली. खोटं कशाला बोलू, मनात आलं की घरचे सांगतात ते खरंच होतं तर. मी पान उलटणार, तेवढ्यात बाई मागून म्हणाल्या, "नवऱ्याची सूचना आहे ना? आठ-पंधरा दिवस पुढे बघा. कधी कधी उत्तर असतं. सगळ्याच काही गप्प बसायच्या नाहीत."

नवव्या दिवशी उत्तर होतं.

'माझ्या पतीने दिलेली सूचना खोटी आहे. मी घर सोडलेले नाही. आजारी आईस पाहण्यास मला त्यांनीच चार दिवस पाठवले व मागे दाराचे कुलूप बदलले. माझी मुले मला दाखवत नाहीत. दुकानातील पहिले मशीन माझे आहे.' खाली तिचं नाव आणि एका गल्लीचा पत्ता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि त्या बोंबा आम्ही शंभर वर्षं जपून ठेवल्या होत्या, एकमेकींच्या तोंडावर मारायला! मी उठून जिन्यापाशी गेले, पाणी प्यायले, परत आले. चार महिन्यांनी पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाची बातमी होती. बायको घर सोडून गेली असं जाहीर झालं की काडीमोड सोपा व्हायचा, हे बाईंनी सांगितलं. करून सवरून नामानिराळा.

काकांना हवी होती ती बातमी सोडून मी आता तिलाच शोधायला लागले. पुढच्या वर्षी एका तारखेला तोच गल्लीचा पत्ता पुन्हा दिसला. 'चिरंजीवास. आज तू दोन वर्षांचा झालास. आई इथे आहे.' तारीख आजोबांच्या वाढदिवसाची होती. मी त्याच्या पुढच्या वर्षाचं बाड मागितलं, तीच तारीख काढली. 'आज तू तीन वर्षांचा झालास. आई इथे आहे. बहिणींना घेऊन ये.' पुढचं वर्ष. त्याच्या पुढचं. मी अकरा दिवस रोज दुकान बंद झालं की जात होते. एकवीस वर्षं, एकही न चुकता. घर बदललं की नवा पत्ता, आणि पुढे 'शिवणवर्गाच्या वरची खोली'. मधल्या एका वर्षी, 'तू आता वाचू शकत असशील', एवढंच. ते वाचून मात्र मी बाड मिटलं आणि घरी गेले. त्या दिवशी पुढे काही बघवेना.

एकविसाव्या सूचनेच्या वर्षीच आजोबांचं लग्न झालं. पणजोबांनी पेपरात थाटात निवेदन दिलं होतं, आणि मुलाच्या आईच्या नावाआधी छापलं होतं, 'दिवंगत'.

दुसऱ्या दिवशी तीन ओळी. 'काल छापलेले चुकीचे आहे. मी जिवंत आहे. मुलगा व सून सुखाने नांदोत.'

त्यानंतर तिची एकही सूचना नाही. अकरा वर्षांनी तिच्या मृत्यूची खबर, खाली 'शिवणवर्गाच्या विद्यार्थिनी'.

मी सगळ्याच्या प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माडीवर काकांच्या पुढ्यात टाकल्या. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या तीन वाचल्या, बाकीच्या नुसत्या सारख्या करून बाजूला ठेवल्या.

"निधनाची बातमी कुठे आहे?" ते म्हणाले.

"काका, तुम्ही वाचलंत ना हे?"

"वाचलं. जुनी मढी उकरून काय मिळतं ग? झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यांच्या आवाजात धक्का नव्हता. नुसता कंटाळा होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढून प्रतींवर ठेवला. खाली कुणीतरी मशीन चालवून बघत होतं, पट्ट्याचा आवाज येत होता.

"बाबांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी दुकान हातात घेतलं तेव्हा."

"म्हणजे आजोबांना..."

"पेपर घरात यायचा. त्यांना वाचता येत होतं. लग्नानंतर एकदा गेलेही होते. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. ती वरच्या खिडकीत मशीनवर बसली होती. अर्धा तास उभे राहिले आणि परत आले."

"का?"

"तिच्या दारात पाय ठेवलास तर दुकानात ठेवू नकोस, असं त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं. पोटात माझी आई, मी होणार होतो..." ते अडखळले. "म्हणजे आईच्या पोटात मी. तू काय केलं असतंस?"

"रस्ता ओलांडला असता!" मी ओरडले. खालचं मशीन थांबलं. "काका, मी प्लास्टर घेऊन दारात उभी होते. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं की ती पळाली नव्हती. आणि तरी तुम्ही तो शब्द माझ्या तोंडावर फेकलात. आजोबांच्या देखत!"

"तोंडात बसलेला शब्द. त्यात एवढं काय?"

"मग तुमच्या तोंडात बसलेला शब्द माझ्या पाठीवर का?"

"हळू बोल. गिऱ्हाईक आहे."

मी प्रती गोळा केल्या. खाली आले, आणि दिवसभर एकही मशीन मला धड जुळवता आलं नाही. काकांवरचा राग सरळ होता, तो मला पेलवत होता. आजोबांवरचा पेलवेना. त्या माणसाने मला हाताला धरून उभं केलं होतं, आणि तोच माणूस अख्खं आयुष्य आईला शिवी खाऊ देत बसला होता. मान खाली घातली होती त्याने. लाज माझी नव्हती, स्वतःची होती. अशा लाजेचं मी काय लोणचं घालू?

स्मरणिकेचं छपाईचं काम माझ्याकडेच होतं. काकांनी निधनाच्या बातमीचा मजकूर दिला, मी तो लावला. मग छापखान्यात जाऊन म्हटलं, "मध्ये चार पानं वाढवायची आहेत."

छापखानेवाला म्हणाला, "काका हो म्हणाले का?"

"शेवटचं प्रूफ मी तपासायचं असं काकाच म्हणालेत," मी म्हटलं. हे खरंच होतं.

चार पानांवर मी एक शब्द माझा घातला नाही. पणजोबांची सूचना, तिचं उत्तर, एकवीस वाढदिवस, दिवंगत, आणि काल छापलेले चुकीचे आहे. तारखांसकट.

समारंभ भाड्याच्या हॉलमध्ये होता. खुर्च्यांवर आधीच प्रती ठेवल्या होत्या. काकांचं भाषण सुरू झालं तेव्हा लोक पानं चाळत होते. हळूहळू चाळणं थांबलं. काका सचोटीवर बोलत होते आणि समोर सगळ्या माना खाली. त्यांच्या सुनेने, जी कधी त्यांच्यापुढे आवाज काढत नाही, पान बोटाने धरून हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, "मामंजी, हे खरं आहे?"

काकांनी समोरची प्रत उचलली, उघडली. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "हा आगाऊपणा कुणी केला?" ते माझ्याकडे बघूनच म्हणाले.

"मी," मी उभी राहिले. "ह्यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांगा. आत्ता, सगळ्यांच्या समोर. मी प्रती गोळा करून जाळते."

त्यांनी माईक खाली ठेवला आणि बाजूच्या दाराने निघून गेले. काकांच्या पुतण्यांनी मला घेरलं. म्हाताऱ्या माणसाची शोभा केलीस, घराची अब्रू वेशीवर टांगलीस. मी म्हटलं, "वेशीवर नाही, पेपरात टांगली होती, शंभर वर्षांमागे. तुम्ही आज वाचलीत." मग तेही निघाले. अर्धा हॉल रिकामा झाला.

मागच्या रांगेत एक म्हातारी बसून होती. आजोबांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, नात्याने माझी आत्या. ऐंशी वर्षांची, लग्नाकार्यालाच दिसणारी. तिने मला खुणेने बोलावलं.

"माझी आई जायची तिच्याकडे," ती म्हणाली. "दर गुरुवारी. घरी सांगायची, दात दाखवायला जाते. मला बरोबर न्यायची. माझ्या आईचे दात शेवटपर्यंत मोत्यासारखे होते."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेच. "कशी होती?"

"कशी म्हणजे? तोंडाळ. हसायची इतकी मोठ्याने की खालचे लोक वर बघायचे. रडताना मी तिला कधी पाहिली नाही, शिव्या देताना मात्र पुष्कळदा."

"आजोबांच्या लग्नानंतर तिने सूचना बंद का केल्या?"

"आईनेही विचारलं होतं तिला. म्हणाली, पत्ता त्याला पाठ आहे. आजवर न येणं पोराचं नव्हतं, बापाचं होतं. आता त्याचं."

मला एकदम रागच आला, ह्या म्हातारीचाही. "आणि आत्या, तुम्ही इतकी वर्षं गप्प? आम्हाला पळपुटीचं रक्त म्हणत होते सगळे, तुमच्या समोर म्हणत होते!"

"होय," ती म्हणाली. तिने माझी नजर चुकवली नाही. "आई म्हणाली होती, भावाचं घर मोडेल. मग आई गेली, तुझे आजोबा गेले, आणि गप्प बसायची सवय लागली. चूक झाली. बोल मला काय बोलायचं ते."

मी बोलले. मनात होतं ते सगळं बोलले, काकांना म्हणायचं राहिलेलं, आजोबांना कधीच म्हणता येणार नाही तेही. हॉलवाला खुर्च्या आवरत आमच्यापर्यंत आला आणि आमच्या दोन खुर्च्या सोडून पुढे गेला. आत्या हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मध्येच एकदा म्हणाली, "थांब, पाणी पी," आणि मी पाणी पिऊन पुन्हा सुरू झाले.

काका माझ्याशी बोलत नाहीत. दुकानात माडीवर बसतात, मी खाली. मीही बोलत नाही. गुरुवारी मात्र मी दुकान लवकर सोडते आणि आत्याकडे जाते. कुठे चाललीस असं काका सुनेकरवी विचारतात, आणि मी जिन्याखालून वर ऐकू जाईल अशा आवाजात कुठे ते सांगते.