शिनयीचा वाचनाचा तास

चार वाजले की आई आपणहून जिन्यात जाऊन बसते. मला सांगावं लागत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. शाहूपुरीत आमची एकच खोली. तिथून मी तैवानच्या शाळकरी पोरांना लॅपटॉपवर इंग्रजी शिकवते, व्याकरण आणि वाचन. कंपनीचा नियम असा, की मास्तरणीच्या मागं घरातला आवाज नको आणि माणूस तर दिसायलाच नको. आमची आई, बाळाबाई, जन्मभर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत राबली. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा गळाच तसा झालाय. ती कुजबुजली तरी खालच्या दुकानात ऐकू जातं.

तिच्या आवाजापायी मला दोन ताकिदी आल्या होत्या. तिसरीला काम बंद. आणि बी.एड. करून मी शाळांचे उंबरे किती झिजवलेत ते माझं मला माहीत. घर चालतं ते या तासांवर.

शिनयी माझी सगळ्यात भित्री विद्यार्थिनी. नऊ वर्षांची. त्यांच्या चिनी भाषेत क्रियापद बदलतच नाही म्हणे. काल गेले काय नि उद्या जाईन काय, सगळं सारखंच. इंग्रजीत ती चुकायची, मी दुरुस्त करायची, आणि पोरगी गप्प. शुक्रवारी तिला वर्गासमोर उभं राहून धडा वाचायचा होता. गुरुवारी तिनं तोंडच उघडलं नाही. डोळे भरून आले नुसते. तेच तेच बडबडून माझंही डोकं उठलं होतं. मीच रडायची बाकी होते.

तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली. पडद्यावरची रडवेली पोर बघितली आणि नियमबियम सगळं विसरली.

"अगं बया! का रडालीस गं? जेवलीस का न्हाई?"

"आई, बाहेर हो आधी!"

"तू गप. मोठी आलीया मास्तरीण, रडवलंस व्हय लेकराला?" ती माझ्या शेजारी येऊन टेकली. "वाच बाळा, मला वाचून दाखव. चुकलीस तर मला कुठं कळणार हाय?"

ही काय म्हणते, शिनयीनं विचारलं. मी सांगितलं, ही माझी आई, हिला इंग्रजी येत नाही, चूक झाली तरी कळणार नाही. शिनयी आईकडं बघत राहिली. मग वाचायला लागली. हरवलेल्या छत्रीचा धडा, अडखळत, क्रियापदं मोडत, पार शेवटपर्यंत. मी ओठ मिटून बसले.

"शाबास! वाघीण हाय वाघीण!" आई अशी ओरडली की शिनयी खुदकन हसली.

शुक्रवारी तिच्या आईचा निरोप आला, पोरीनं वर्गात न थांबता वाचलं. आणि त्याच दुपारी कंपनीतल्या दीप्ती मॅडमचा फोन. तासाचं रेकॉर्डिंग तपासलं होतं. "वर्षाराणी, माझ्या हातात काही नाही गं," म्हणाल्या. सगळे तास गेले.

आता आईला काय सांगू? तुझ्यामुळं गेलं म्हणू? ती घरात पुन्हा तोंड उघडणार नाही. मुकी आई घेऊन मी काय करू? मला ओरडणारीच पाहिजे.

सोमवारी चार वाजले. आई जिन्यात गेली. मी लॅपटॉप उघडला आणि काळ्या पडद्याला म्हणाले, "गुड इव्हिनिंग, शिनयी." मध्येच व्हेरी गुड म्हणाले. असं किती दिवस रेटणार होते कुणास ठाऊक.

थोड्या वेळानं दाराआडून आवाज आला. जन्मात पहिल्यांदा हळू.

"वर्षे, माझी पोरगी आली न्हवं? जरा वाचून दाखव म्हणावं की. मी आत येत न्हाय."

मी शिनयीसारखा आवाज बारीक केला आणि छत्रीचा धडा वाचला. तसाच, अडखळत, क्रियापदं मोडत. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी थांबले नाही.

"बघ," बाहेरून आई म्हणाली, "आज रडाली न्हाय."