शेंदरी खूण

तीनशे फूट खोल जाऊनही बोअरमधून राखाडी भुकटीच वर आली. बोअरची गाडी आवरून पुढच्या गावाला गेली, तेव्हा सरपंच लोटनभाऊंनी भूजल खात्यातल्या मृणालीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुळ्याहून सोनगीरमार्गे आली. या उन्हाळ्यातलं तिचं हे एकतिसावं गाव. गावाला एकच बोअर मंजूर होतं. अहवालात ‘कोरडं’ लिहिलं, की गावाचं नाव यादीतून कटणार होतं.

टेकडीतून निघालेली काळ्या दगडाची भिंत शेतांत घुसली होती. कॉलेजच्या सहलीत मृणालीने कोकणात असंच एक भूशिर पाहिलं होतं. लाटांनी मऊ खडक खाल्ला होता, कठीण तेवढा उरला होता. इथे तेच काम पावसाने केलं होतं. भेगेत लाव्हा थिजून झालेली ही भिंत जमिनीत खोल गेलेली. टेकडीकडून झिरपणारं पाणी तिला अडून राहणार. म्हणून मागच्या खेपेला मृणालीने बोअरसाठी खुणेचा दगड भिंतीच्या वरच्या, टेकडीकडच्या अंगाला ठेवला होता.

बोअर झालं होतं खालच्या अंगाला, लिंबाखाली. दगड तिथेच होता. त्यावर हळदकुंकू, शेजारी नारळाची करवंटी.

“हा इथे कोणी आणला?”

“मी उचला, बाई,” शेजारच्या वावरातली आक्काबाई म्हणाली. “शेंदूर लायेल देव वावरमा पडेल व्हता. कोनाबी पाय लागी जाता.”

खूण केली त्या दिवशी मृणालीचा पांढरा रंग संपला होता. मारुतीचं देऊळ रंगवणाऱ्याकडून तिने ब्रशभर शेंदरी मागून घेतला होता.

“आक्का, बोअरवाल्याला सांगायचं तरी,” लोटनभाऊ म्हणाले.

“त्यानीबी पाया पडीसनच मशीन लावं.”

मृणाली भिंतीच्या तापलेल्या दगडावर टेकली आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागली. ‘बोअर ठरल्या जागी झालेलं नाही. खुणेला शेंदरी रंग वापरला, ही माझी चूक. फेरमंजुरी द्यावी.’

लोटनभाऊंनी वाचलं. “तुम्हाला नोटीस येईल, ताई.”

“येईल.”

“आणि बोअर?”

“पुढच्या उन्हाळ्याआधी नाही.”

त्यांनी कागद परत दिला. तिघं भिंत ओलांडून वर गेले. मृणालीने जुन्या जागी नवा दगड ठेवला, त्याला पांढरा रंग लावला.

“पांढराले कोन हात लाई?” आक्काबाई म्हणाली.

“आणि लिंबाखालचा?” लोटनभाऊंनी विचारलं.

“तो देव आते तठेच बसना,” आक्काबाईने लिंबाकडे वळून हात जोडले.