चिमणीवरची ताडपत्री

आमची चिमणी, म्हंजे चुलीवरून कवेलूच्या छपराबाहेर काढलेला सिमेंटचा पाइप, श्रावणात गळू लागली. पाणी थेट भाजीत. माझ्या नवऱ्याची हयात नदीवर डोंगा चालवण्यात गेली, म्हणून गळतीवर त्याले एकच औषध ठाऊक: डांबर. त्यानं ते लावलं. मी चूल पेटवली, तसं डांबर वितळून भाजीत आलं.

मग त्यानं सरपणावरची ताडपत्री ओढून नेली आणि वर चिमणीच्या बुडाशी जाळ्याच्या दोरीनं आवळली. चार दिवसांनी पाइपातून काळं पाणी टपकू लागलं. त्यानं दोरी आणखी आवळली.

शेवटी मी शेजारच्या इसरूभाऊले बोलावलं. तो वर चढलाच नाई. चुलीपाशी बसला.

"बाई, ऊन असताबी गळते का?"

"आठ दिवसांपासून हेच सांगून राह्यली. आयकते कोण?"

त्यानं चुलीजवळचं लाकूड उचललं. "हे पाणी पावसाचं नाई. ओल्या लाकडाचा धूर पाइपात थंडा होऊन टपकते. सरपण झाकलं काऊन नाई?"

मी वर पाह्यलं. नवऱ्यानं जमिनीकडं पाह्यलं.

इसरूभाऊनं पत्र्याची पट्टी कापून दिली आणि कशी बसवायची ते सांगतलं: वरची कड कवेलूच्या खाली, खालची कवेलूच्या वर. नवऱ्यानं ती चिमणीभोवती बरोबर बसवली, ताडपत्री सोडून सरपणावर टाकली.

परवा इसरूभाऊनं विचारलं, "चिमणी गळते का?"

"नाई," मी म्हटलं. "उतरताना यायनं कवेलू फोडले. आता चिमणी सोडून सारं घर गळते."