साळुबाईचं बोंडलं आन् नासकं दूध

बसा मित्रांनो, पाय पसरून बसा. एक गोष्ट सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, ह्यात चूक कुणाची ते माझं मलाच अजून धड कळलेलं न्हाई.

मी एक जुनं बोंडलं हाय. चांदीचं. मुठीएवढं पोट आन् पुढं चिमणीसारखी चोच. तान्ह्या पोराला त्यातनं दूध पाजायचं. मंचरच्या रूपचंद शेठनं मला घडवलं, साळुबाईच्या पहिल्या बाळंतपणात. महाळुंगे पडवळात तिची चार पोरं माझ्यातनं प्याली. बारशाला आलेल्या बाया मला हातात घेऊन बघायच्या. मग पोरं मोठी झाली आन् मी कपाटात काळा पडलो.

औंदा साळुबाईच्या सुनेला, स्नेहलला, पोरगा झाला. समर्थ. महिन्याचा व्हतोय तोच त्यानं प्यायचं सोडलं. दोन घोट घ्यायचा आन् तोंड काढून रडायचा. साळुबाईनं त्याचं तोंड उघडलं. जिभेवर, गालांच्या आत पांढऱ्या कवड्या.

"दूध नासलंय तुझं," ती म्हणाली. चाळीस वर्सं डेअरीला दूध घालणारी बाई. तिला कोण खोटं पाडणार?

"आई, मलाबी लई आग व्हतीय. पाजून झाल्यावर तासभर सुया टोचल्यागत."

"व्हणारच. नासकं दूध अंगात ठेवून काय गारवा वाटंल? दे इकडं त्याला."

आन् मला कपाटातनं काढलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. फडक्यानं पुसलं, गाईचं दूध भरलं. पण समर्थ माझ्यातनंबी पिईना. मी गोंधळलो. दूध बदललं, तरी पांढरं जाईना कसं? साळुबाई पुसायची, तर खालनं लालभडक. तिकडं स्नेहल आपलं दूध पिळून मोरीत सांडायची आन् भिंतीकडं तोंड करून बसायची. आठ दिसांत तिचं दूध आटत आलं, पोराचं वजन उतरलं.

मग उपकेंद्रातली प्राची सिस्टर वजन करायला आली. साळुबाईनं नासक्या दुधाचं सांगितलं, तसं तिनं समर्थचं तोंड उघडून बघितलं आन् स्नेहलला कुठं दुखतंय ते इचारलं.

"मावशी, डेअरीचं दूध नासलं तर आधी काय बघता?"

"भांडं."

"मग हितं पोरीलाच का धरलंत? हे तोंडातलं पांढरं दूधच न्हाई. दूध असतं तर सहज पुसलं गेलं असतं, खालनं लाल निघालं नसतं. ही बुरशी हाय. पोराच्या तोंडात तीच, हिच्या छातीला तीच. एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याकडनं परत येती. आजच डॉक्टरकडं जावा, दोघंबी. आन् अंगावर पाजणं थांबवू नका." मग तिनं मला उचललं. "हे उकळलं व्हतं का?"

"चांदी शुद्धच असती की."

"चांदी असंल. चोचीत बोट जातंय का तुमचं?"

साळुबाईनं पाणी तापत ठेवलं. मला उकळत्या पाण्यात टाकलं, तर माझ्या चोचीतनं वाळलेल्या दुधाची खपली निघाली. मलाच लाज वाटली.

डॉक्टरनं समर्थच्या तोंडात घालायला थेंब दिले, स्नेहलला मलम. पंधरा दिसांत तोंड गुलाबी झालं, पोरगं आईला चिकटलं, दूधबी हळूहळू वाढलं. साळुबाई माफी मागणाऱ्यातली न्हाई. पण शेजारीण विचारत आली, "सुधारलं का हो सुनेचं दूध?"

"ते बिघडलंच नव्हतं," साळुबाई म्हणाली.

स्नेहलनं पहिल्यांदा मान वर केली.

मी मदतीला आलो व्हतो का आडवा आलो, मला उमगत न्हाई. मित्रांनो, तुमच्या घरात तान्ह्याच्या तोंडात असं पांढरं दिसलं, तर माझ्याकडं हात घालायच्या आधी त्याच्या आईला एवढं इचारा: बाई, तुला कुठं दुखतंय?